फाशीला ना हरकत

आमच्या मेहुण्याला एका माणसाला फाशी द्यायची होती आणि त्यासाठी त्याला ऐसपैस मोकळी जागा हवी होती.

हे त्याने मला जेवताना सांगितलं. माझा घास हातातच राहिला. बायकोने मात्र शांतपणे त्याच्या ताटात आणखी वाढलं, कारण तिचा धाकटा भाऊ काहीही बोलला तरी त्यात काहीतरी कौतुकाचं असणारच, अशी तिच्या माहेरची समजूत आहे. मग उलगडा झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग करून विटलेला हा गृहस्थ आता स्वतःचा सिनेमा काढत होता. सिनेमा एका जल्लादावर. तुरुंगात फाशी देण्याची नोकरी असलेला साधा संसारी माणूस. पोरांच्या शाळा, म्हातारीचं औषधपाणी, आणि अधूनमधून एखादी फाशी.

"सगळं जमलंय भावोजी," मेहुणा म्हणाला, "फक्त शेवटचा प्रसंग अडलाय. तुरुंगवाले आत पाऊल टाकू देत नाहीत. मला मागे उंच भिंत हवी, पुढे मोठं आवार हवं आणि वर नुसतं आकाश. हल्ली आकाश मिळतंय कुठे? जिकडे बघावं तिकडे कोणाची तरी पाण्याची टाकी आड येते."

आता, आमच्या कॉलनीच्या मागेच जुना विमानतळ आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवा झाल्यापासून इथे चिमणीशिवाय काही उतरलेलं नाही. धावपट्टीच्या भेगांमधून गवत वर आलंय. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी कधीच फाटून गेली, तिची नुसती कडी खांबावर करकरत असते. विमानं ठेवायचं ते भलंमोठं हँगर मात्र अजून उभं आहे, आणि त्याची मागची भिंत तुरुंगाला लाजवेल अशी आहे. आम्ही काही मंडळी सकाळी तिथे फिरायला जातो. जायचा रस्ता म्हणजे तारेच्या कुंपणाला पडलेलं भोक. त्या भोकाने माझे किती सदरे खाल्ले असतील! इतका घरोबा असल्यावर मी दुसरं काय म्हणणार?

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची आहे. 'या खेपेला घराला रंग मीच देतो' असं मी म्हणालो होतो, तेव्हाही ती हीच होती. पण मी विमा कंपनीत हेडक्लार्क आहे. कागद कुठल्या खिडकीतून आत जातो आणि कुठल्या टेबलावर झोपतो, हे मला डोळे मिटून सांगता येतं. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी विमानतळाच्या कार्यालयात हजर झालो.

तिथल्या साहेबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून माझा अर्ज वाचला.

"बंद विमानतळ असं लिहिलंय तुम्ही."

"हो. बंदच आहे ना?"

"कोण म्हणतं?"

"तिथलं गवत म्हणतं," मी म्हणालो. उत्तर मला स्वतःला बरंच आवडलं. साहेब हसले नाहीत. विमानतळ उघडायला जसा हुकूम लागतो तसा बंद करायलाही लागतो, आणि तो निघालेलाच नाही, असं त्यांनी मला समजावलं. नवा सुरू झाला हे खरं. म्हणून जुना बंद पडला, हा लोकांचा गैरसमज.

"धाकटं झालं म्हणून थोरलं मेलं, असं असतं का हो?" साहेब म्हणाले.

"म्हणजे कागदोपत्री तिथे विमान उतरू शकतं?"

"कागदोपत्री ते उतरतच असतं."

त्यामुळे धावपट्टीच्या शेजारी साधी काठी रोवायची तरी उंचीचा दाखला हवा. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बांधकामाचा प्रकार?"

"फाशीचं तख्त."

थोडा विचार करून त्यांनी 'वधस्तंभ' असं लिहिलं. सरकारी भाषेत कशालाही भारदस्तपणा येतो.

"तात्पुरतं की कायमचं?"

"फाशी कायमची. बांधकाम तात्पुरतं."

"किती लोकांच्या वापरासाठी?"

"एका वेळी एकच माणूस वापरतो," मी म्हणालो. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

अखेर ना हरकत मिळाली, पण अटींसकट. वधस्तंभाला तांबडे-पांढरे पट्टे मारायचे. टोकाला तांबडा दिवा लावायचा. आणि काम चालू असेपर्यंत एका जबाबदार व्यक्तीने लाल आणि हिरवं निशाण घेऊन तिथे हजर राहायचं. जबाबदार व्यक्ती कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मी सही केली. साहेबांनी सगळ्या संबंधितांना पाठवायचं परिपत्रकही लगेच तयार केलं: 'धावपट्टीलगत तात्पुरता वधस्तंभ उभारण्यात येत असून उर्वरित धावपट्टी वापरास योग्य आहे.' किती सुटसुटीत वाक्य! मी घरी जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"तांबडे-पांढरे पट्टे?" मेहुणा किंचाळला. "भावोजी, हा जल्लादाचा सिनेमा आहे, सर्कशीचा नाही!"

पण विमा कंपनीतला माणूस अटीतून वाट काढण्यासाठीच जन्माला आलेला असतो. पट्टे खांबाच्या मागच्या बाजूला मारायचे आणि कॅमेरा पुढून लावायचा. दिव्यावर शूटिंगपुरती बादली पालथी घालायची. मेहुण्याने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

सुताराने काम सुरू केलं आणि तख्त हळूहळू वर आलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी नकाशावर आली नव्हती. कॉलनीतल्या झाडून सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या विमानतळाकडे आहेत. पहाटे डोळे चोळत चहाचं आधण ठेवावं आणि समोर उजाडत्या आभाळात फास लोंबताना दिसावा! आमच्या सेक्रेटरींची ऐन त्याच आठवड्यात फ्लॅट विकायची खटपट चालली होती. गिऱ्हाईकाला गॅलरीत नेऊन "इथून पुढे काही होणार नाही, मोकळंच राहणार," असं ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक समोर बघून म्हणालं, "हो, ते दिसतंय." ते परत फिरकलं नाही. त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

बाकीच्यांनी मात्र मदतीला कसूर केली नाही. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी कैद्याच्या काळ्या टोपीला मानेपाशी चुणी घ्यायला हवी, नाहीतर ती पिशवीसारखी दिसेल, असं सांगून टेपच आणला. निवृत्त गणितमास्तर कैद्याचं वजन विचारत दोन वेळा येऊन गेले. दोराची लांबी चुकली तर काय काय होतं याचं त्यांनी जे वर्णन केलं, त्यानंतर आमच्या घरी कोणी जेवलं नाही. मी त्यांना परोपरीने सांगितलं, की मास्तर, दोर वर कुठे बांधलेलाच नाही. नुसता अडकवलेला आहे. खटका ओढला की फळी उघडते, माणूस दोरासकट खाली गाद्यांवर पडतो आणि कपडे झटकून उठतो. "मग त्याला फाशी का म्हणता?" असं विचारून ते नाराज होऊन गेले.

गाद्यांचं म्हणाल तर त्या आमच्या घरच्या. "माझ्या सोन्याचं काम आहे, चार दिवस सतरंजीवर झोपू," असं बायको पहिल्या दिवशी म्हणाली. पाठ धरल्यावर तिने सोन्या हा शब्द वापरायचं बंद केलं.

शूटिंग रविवारवर येऊन ठेपलं आणि शनिवारी जल्लादच पळाला. म्हणजे जल्लादाचं काम करणाऱ्या नटाला टूथपेस्टची जाहिरात मिळाली. दात दाखवून हसायचं असल्यामुळे त्याला आता खुनशी दिसणं परवडणार नव्हतं. मेहुणा डोकं धरून आमच्या सोफ्यावर बसला. मग त्याने हळूच मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"काय रे?"

"भावोजी, तुमचा चेहरा."

"काय आहे माझ्या चेहऱ्यात?"

"काहीच नाही," मेहुणा भारावून म्हणाला. "मला अगदी तेच हवंय."

"यांना?" बायको आतून म्हणाली. "झुरळ निघालं तर खुर्चीवर चढतात हे."

झुरळाचा आणि अभिनयाचा काय संबंध? मी होकार दिला. त्यानंतर मेहुण्याने कैद्याचं काम कोण करतंय ते सांगितलं आणि माझा होकार दुप्पट झाला. कैदी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ, ज्यांना आमच्या घरात नुसतं 'वरचे' म्हणतात. वरच्यांच्या न्हाणीघरातलं पाणी कित्येक वर्षं आमच्या न्हाणीघरात टपकत होतं. छतावर तपकिरी रंगाचा एक देश तयार झाला होता आणि दरवर्षी तो शेजारची राज्यं जिंकायचा. वरच्यांचं म्हणणं, हा हवेतला दमटपणा. त्यावरून आमचं बोलणं तुटलं होतं. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही कठडा न्याहाळायचो. मेहुण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने त्यांना जिन्यातच हेरलं होतं.

"काय चेहरा आहे!" तो म्हणाला. "जगाने अन्याय केलेल्या माणसाचा!"

"अन्याय त्याने केलाय!" मी ओरडलो. पण मनात एक सुरेख चित्र उभं राहत होतं. तख्तावर वरचे, आणि खटक्यावर मी. कला माणसाला काय काय देते याची मला त्या क्षणी जाणीव झाली.

रविवारी सकाळी काळा सदरा घालून, सदऱ्याच्या आत दोन्ही निशाणं खोचून मी तख्तावर चढलो. जबाबदार व्यक्तीही मीच होतो ना! वरच्यांचे हात मागे बांधलेले होते. तेव्हा मेहुण्याने माझं वाक्य सांगितलं. तोवर मला वाटत होतं की माझं काम बिनबोलाचं आहे.

"टोपी घालण्याआधी तुम्ही त्याच्या कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, 'मला माफ करा. मी हुकमाचा ताबेदार आहे.' "

"कोणी कोणाला माफ करायचं?"

"त्याने तुम्हाला. सगळा सिनेमा या वाक्यावर उभा आहे, भावोजी."

कुंपणापलीकडे कॉलनी लोटली होती. बायको पुढेच होती. आता माघार घेणं म्हणजे सगळ्यांसमोर नाक कापून घेणं. मी वाकलो आणि ज्याच्यामुळे मी अंघोळीला छत्री घेऊन जायच्या बेतात होतो, त्या माणसाला म्हणालो, "मला माफ करा."

वरच्यांचा चेहरा उजळला. खूनखटल्यातल्या कैद्याचा चेहरा तसा उजळू नये.

"कट!" मेहुणा ओरडला. "काका, हसू नका."

"माफ करा हं, आवरलंच नाही," वरचे म्हणाले. "पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. मी माफी मागितली. वरच्यांना शिंक आली. पुन्हा घेतलं. वरच्यांना ऐकू आलं नाही. "जरा मोठ्याने म्हणायला सांगा त्यांना," ते मेहुण्याला म्हणाले. त्यापुढच्या खेपेला त्यांनी मान डोलावून "ठीक आहे, ठीक आहे," असं म्हटलं, जे कुठल्याही संवादात नव्हतं. कुंपणापाशी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझे कान तापले होते. इतक्या वेळा माफी मी उभ्या जन्मात मागितली नव्हती, संसार करूनसुद्धा.

अखेर एकदाचे वरचे गंभीर राहिले. मी वाक्य म्हटलं, काळी टोपी त्यांच्या डोक्यावरून खाली ओढली, गळ्यात फास घातला, खटक्याकडे वळलो, आणि आकाशात घरघर ऐकू आली.

सगळ्यांनी वर बघितलं. एक छोटं विमान खाली खाली येत धावपट्टीवर घिरट्या घालत होतं. मेहुणा "कट" म्हणायचंही विसरला. पण जबाबदार व्यक्ती विसरली नाही. सदऱ्यात हात घालून, जे निशाण हाती लागलं ते उपसून मी जिवाच्या आकांताने हलवायला लागलो.

ते हिरवं निघालं.

विमान उतरलं. गवतातून आदळत, आपटत, हँगरच्या अलीकडे येऊन थांबलं. सगळी मंडळी तिकडे धावली आणि सगळ्यांच्या पुढे मी, हिरवं निशाण हातात धरून. विमानातून एक मुलगी उतरली. वैमानिक व्हायला शिकणारी, पहिल्यांदाच एकटी उडालेली, ढगांत वाट चुकलेली. इथली धावपट्टी वापरास योग्य आहे, असा कागद तिच्या शाळेच्या फळ्यावर लागला होता म्हणे. तिने माझा काळा पोशाख बघितला. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. फास, आणि फासात उभा असलेला टोपीवाला माणूस. तिने दोन्ही हात वर केले.

"काका, मी नुसती वाट चुकले हो!"

तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी बायको पुढे झाली, तिला जवळ घेतलं, "हे आमचे हेच आहेत, काही करत नाहीत," असं सांगितलं, तेव्हा कुठे तिने हात खाली घेतले. मग कोणी पाणी आणलं, कोणी तिच्या शिक्षकांना फोन लावला, सेक्रेटरींनी विमानाबरोबर फोटो काढून घेतला. या गडबडीत मला मागून एक बारीक आवाज ऐकू आला.

"अहो, कोणी आहे का?"

मी वळून बघितलं. त्या एवढ्या मोठ्या मैदानात तख्तावर एकटे वरचे उभे होते. हात बांधलेले, डोळ्यांवर टोपी. मी परत गेलो.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी. खालचा."

टोपीतली मान माझ्याकडे वळली. "कसला आवाज झाला हो?"

"विमान उतरलं."

"चेष्टा करू नका. मी कसा उभा आहे, बघताय ना."

आता तुमच्यापासून काय लपवायचं, मनात आलं. हा माणूस इथे बांधलेला, खटका माझ्या हाताशी, आणि आसपास चिटपाखरू नाही. हवेतल्या दमटपणाबद्दल चार शब्द बोलून घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? मी घसासुद्धा साफ केला. पण टोपीचं कापड त्यांच्या तोंडापाशी भराभर आत-बाहेर होत होतं, आणि पाठीमागे बांधलेल्या हातांचे अंगठे एकमेकांवर घासत होते. मी आधी फास काढला, मग टोपी, मग हात सोडले. ते तख्ताच्या कडेवर मटकन बसले. मीही शेजारी बसलो.

"सगळे पळाले," ते म्हणाले. "मला वाटलं, कुठे आग लागली आणि मला विसरले."

"मी आलो ना."

"तुम्ही याल असं नव्हतं वाटलं."

"मलाही नव्हतं वाटलं."

त्यांनी मनगटं चोळली. "ही गेल्यापासून घरी हीच धास्ती असते बघा. न्हाणीघरात पाय घसरून पडलो तर कोणाला कळणार? नळ वाहतच राहील."

"मला कळेल," मी म्हणालो. "माझ्या छतातून."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले, की तख्ताच्या फळ्या हलल्या. मलाही हसू आवरेना. तिकडे विमान बघून परतलेल्या मेहुण्याला जल्लाद आणि कैदी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसताना दिसले आणि त्याचा धीर सुटला. ऊन उतरत होतं. एकदाच घेता येईल, असं तो म्हणाला.

आम्ही पुन्हा उभे राहिलो. मी वाकलो आणि म्हणालो, "मला माफ करा. मी हुकमाचा ताबेदार आहे." या खेपेला ते हसले नाहीत. शिंकले नाहीत. त्यांनी नुसते डोळे मिटले. मी टोपी घातली, फास घातला, खटक्यावर हात ठेवला, आणि हात जागचा हलेना. खाली गाद्या आहेत, दोर नुसता अडकवलेला आहे, हे सगळं मला माहीत होतं. मेहुणा कॅमेऱ्यामागून मुठी आवळून खुणा करत होता.

टोपीतून पुटपुटल्यासारखा आवाज आला, "ओढा हो. गाद्या तुमच्याच आहेत."

मी ओढला.

त्यानंतर विमानतळाच्या साहेबांनी मला खुलाशासाठी बोलावलं. मी तयारीने गेलो होतो, पण खुलासा त्यांना नकोच होता. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. "मी सांगत होतो ना, उतरतं म्हणून!" असं म्हणत त्यांनी तो कितीतरी वेळ हलवला. वरच्यांनी स्वतः प्लंबर आणला. त्याने दोन्ही न्हाणीघरं फोडली, आणि पाणी आता आमच्या पॅसेजमध्ये टपकतं. पण हल्ली वरचे आधी खिडकीतून हाक मारतात, "अंघोळीला जातोय हो!" मी बादली सरकवतो. आणि बराच वेळ बादलीत थेंब पडला नाही, तर वर जाऊन बेल वाजवतो.

सिनेमा तयार झाला तेव्हा मेहुण्याने शहरातलं एक छोटं थिएटर सकाळच्या वेळेपुरतं मिळवलं. सगळी कॉलनी आली. माझ्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला वरचे. सिनेमा चांगला होता. माझा चेहरा त्यात एकदाही दिसत नव्हता; चेहरा होता तो आधीच्या प्रसंगांतल्या टूथपेस्टवाल्या नटाचा. माझी नुसती पाठ होती, टक्कल होतं. माफीच्या वाक्याला नुसता माझा कान दिसला. "तुमच्या पाठीत फार दुःख आहे, भावोजी," अशी मेहुण्याने नंतर समजूत घातली. अपमान मी गिळला. पाठीने अभिनय करणारे जगात किती असतील?

शेवटी मोठ्या पडद्यावर एक हात आला. खटक्यावर ठेवलेला, थरथरणारा, नखाला तांबडा रंग लागलेला. पट्टे मीच मारले होते.

"अहो, हा तुमचा हात," बायको अंधारात म्हणाली, आणि तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. पडद्यावर खटका ओढला गेला. फळी उघडली. वरचे दोरासकट दिसेनासे झाले आणि उघडी फळी तेवढी हलत राहिली. थिएटरमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. मागच्या रांगेत शिंपीणकाकूंना हुंदका फुटला, मग तो एकीकडून दुसरीकडे पसरला. गणितमास्तरसुद्धा नाक ओढत होते. वरच्यांना ते सहन होईना. ते खुर्चीवरून ताडकन उठले, पडद्याच्या उजेडात उभे राहिले आणि दोन्ही हात हलवून सगळ्या थिएटरला ओरडून सांगू लागले, "अहो, रडू नका! मी इथे आहे! मी बरा आहे!"

आणि बायको माझा हात सोडायलाच तयार नव्हती.